झील धरणारी मास्तरीण

मी चामटोली सोडली तेव्हा शेजारच्या मांडवात हळद चालली होती आणि माझी आई गात होती. म्हणून ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आलीच नाही. येणार कशी? ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात तेव्हा धवलारणीचा मान मोठा. हळद कांडण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिच्या तोंडून निघायचा, आणि तो निघाला नाही तर विधी झाला असं कुणी धरत नसे. धवला अर्धा टाकून ती उठली तर नवरीच्या संसाराला बाधतं, अशी समजूत होती. मुलगी काय, शिकायला चालली होती. तिला काय बाधायचंय!

आई ओळ म्हणायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या आम्ही दोघी त्या ओळीचं शेपूट उचलून परत म्हणायचो. तिला श्वास घ्यायला तेवढीच उसंत. ह्याला झील धरणं म्हणतात. डाव्या हाताला मी आणि उजव्या हाताला माझी चुलत बहीण वनू. त्या सकाळी डावा हात मोकळा होता.

आणि डाव्या हाताची राणी कुठे होती? ती बापाच्या मागून बदलापूरच्या वाटेनं निघाली होती, पायांत नवेकोरे पांढरे मोजे आणि त्यांवर अंगठ्याच्या चपला. मोज्यात अंगठा शिरेना म्हणून चपला फटाफट निसटत होत्या. बदलापूर गावातल्या आमच्या शाळेत एक बाई मोजे घालून यायच्या. मास्तरीण कशी असते, ह्याचं माझं सगळं ज्ञान तेवढंच. बापूस जरा वेळानं वळला, माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "भाजलंय कय गो?"

मागून आईचा आवाज येत होता. ओळ संपली की वनूची एकटीची झील. माझे ओठ हलत होते. मी ते दाबून धरले, कारण रस्त्यानं जाताना पुटपुटणारी बाई मास्तरीण दिसत नाही.

आदल्या दिवशी आईला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की शिकवायचं असेल तर आधी कॉलेज करावं लागतं, मग बी.एड. नावाचं आणखी एक शिक्षण असतं, त्यात शिकवायचं कसं ते शिकवतात. आई भात पाखडत होती. सूप थांबवून तिनं विचारलं, "शिकवाया पन शिकाया लागतं कय गो?" मला इतकं हसू आलं होतं! बिचारी अडाणी, असं वाटलं होतं. ते हसू अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून बाहेर काढते, आता ते माझ्यावरच नीट बसतं.

तुम्ही म्हणाल, चामटोली ते उल्हासनगर, ह्याला काय घर सोडणं म्हणतात? माझी भाची टोरांटोला आहे, पुतण्या शारजात. त्यांच्या लेखी मी अंगणातून ओट्यावर गेले. पण बाळांनो, तुम्हाला परदेशात फोनवर आईची भाषा ऐकू येते. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचला गेले आणि पहिल्याच महिन्यात आमचं ‘इकरं-तिकरं’ गिळून टाकलं. कॉलेजात एकदा ‘पानी’ म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलगी हसली होती, तेवढं पुरलं. अंतर रस्त्यावर मोजलं तर थोडंच भरतं.

कॅम्प पाचला माझी आत्या राहायची. तिचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. आमच्या गावाहून पावसाळ्यात रोज कॉलेजला येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे. घर म्हणजे जुन्या लष्करी बराकीचा एक तुकडा. मधल्या भिंती छपरापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या, त्यामुळे एका घरात फोडणी पडली की पलीकडच्या घरात शिंक. पलीकडे एक सिंधी म्हातारी राहायची. तिला सगळी आळी दादी म्हणायची. ती दिवसभर पापड लाटायची आणि भिंतीवरून आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायची.

कॉलेजात भूगोलाचे सर भले माणूस होते. त्यांनी सांगितलं, "शिक्षिका व्हायचंय ना? मग शाळेत जे विषय शिकवतात तेच पदवीला घे. मानसशास्त्र घेशील तर लोकांची मनं वाचत बसशील, वर्ग मिळणार नाही." झालं. मला आयुष्यात पहिल्यांदा बेत आखायला काहीतरी मिळालं. मराठी आणि भूगोल. कोणत्या वर्षाला कोणते पेपर, बी.एड.ला कोणत्या दोन विषयांची अध्यापनपद्धती, कुठल्या शाळेत अर्ज, सगळं पाठ. आत्याला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. दूधवाल्यानं तर माझा बेत ऐकायला लागू नये म्हणून दूध दाराशी ठेवून पळायला सुरुवात केली.

ह्या थोर बेतात शेवटच्या वर्षाला एक पेपर निवडायचा होता. लोकसाहित्य किंवा भाषाविज्ञान. मी क्षणभरही विचार केला नाही. लोकसाहित्य? ओव्या, धवले, जात्यावरची गाणी? ते तर आमच्या घरी पाणी भरतं! जे येतंच ते कशाला शिकायचं? मी भाषाविज्ञान घेतलं. छान मार्क पडले. त्या विषयातलं आता मला एक वाक्य आठवत नाही.

मग बी.एड. तिथे एखाद्या शाळेत खऱ्या मुलांसमोर सरावाचे पाठ द्यायचे असतात आणि मागच्या बाकावर आपल्या बाई बसून चुका टिपत असतात. माझं फळ्यावरचं अक्षर चांगलं, आवाज खणखणीत, नकाशा बिनचूक. तरी प्रत्येक पाठाला एकच शेरा: ‘विद्यार्थ्यांच्या उत्तराची पुनरुक्ती टाळा.’ मला कळेचना की मी काय करते. मग बाईंनी मला दुसऱ्या दिवशी समोर उभं करून नक्कल करून दाखवली. मुलगा म्हणतो, "गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते." लगेच मी, जराशी डुलत, "...जवळ उगम पावते." मुलगी म्हणते, "काळ्या मातीत कापूस पिकतो." मी, "...कापूस पिकतो."

मी झील धरत होते. कुणी वाक्य संपवलं की त्याचं शेपूट माझ्या जिभेवर येऊन बसायचं. लहानपणापासून आईच्या डाव्या हाताला बसून बसून अंगात भिनलेलं ते. बाई म्हणाल्या, "ही खोड मोडली नाही तर अंतिम पाठात अडचण येईल." बी.एड. गेलं तर माझी बापाच्या घरी रवानगी होणार आणि सगळा बेत पाण्यात, हे मला पक्कं ठाऊक होतं. बापूस आधीच म्हणत होता, "एवढं शिकलीस ना, आता मांडव घालू."

मग घरी रियाज सुरू झाला. मी भिंतीशी उभी राहून विचारायची, "सांगा पाहू, समुद्र खारट का असतो?" भिंत गप्प. मीच मुलाच्या आवाजात उत्तर द्यायची आणि मीच झील धरायची. पलीकडून दादीचं लाटणं थांबलं.

"ए मास्टरनी, सवाल भी तेरा, जवाब भी तेरा, और उपर से दोबारा! फिर बच्चे क्या करेंगे? पापड खायेंगे?"

"दादी, ही सवय जात नाही हो."

"तो मुंह में मिश्री रख. जवाब आया तो चूसने का, बोलने का नहीं."

आणि ती स्वतःच माझी विद्यार्थिनी झाली. मी प्रश्न विचारला की भिंतीपलीकडून उत्तर यायचं, बहुतेक मुद्दाम चुकीचं. समुद्र खारट का? "मेरे नसीब के पापड गिरे होंगे." मी गालात खडीसाखर धरून, ओठ मिटून उभी. वाक्य संपतं, शेपूट येतं, मी ते चोखून गिळते. अंतिम पाठाच्या वेळी माझं तोंड इतकं छान बंद झालं होतं की बाईंनी जाताना पाठीवर थाप मारली. बी.एड. पदरात पडलं. अंबरनाथच्या एका शाळेत नोकरीही लागली.

त्याच उन्हाळ्यात वनूच्या भावाचं लग्न होतं. मी चामटोलीला गेले, मास्तरीण होऊन. मोजे ह्या वेळी नव्हते, पण पर्स होती, आणि ती मी हळदीच्या मांडवातसुद्धा काखेतून काढली नाही. आईनं हातानं खूण केली, डाव्या हाताची जागा दाखवली. मी बसले. आईनं पहिली ओळ घेतली. तिचा आवाज थोडा खरखरीत झाला होता. ओळ वर गेली, वळली, खाली आली, संपली.

मी ओठ मिटून बसले होते. अगदी शिस्तीत.

वनूनं उजवीकडून झील उचलली, पण उशिरा. ओळ मधेच जमिनीवर पडल्यासारखी झाली. बायका हसल्या. आई पण हसली, म्हणाली, "शालंन जाऊन मुकी झालीस कय गो?" पुढच्या ओळीला मी धरायला गेले तर आधीच धरली, त्याच्या पुढच्या ओळीला नंतर. साखर गालात नव्हती तरी जीभ तिची वाट बघायची. मग आईनं पुढची ओळ घेताना तोंड उजवीकडे वळवलं. रागानं नाही. आंधळ्या बैलाला सोडून दुसऱ्या बैलाला हाकावं इतक्या सहज. ती मान वळलेली अजून तशीच आहे.

त्या पावसाळ्यात आई तापानं गेली. मला निरोप शाळेत आला. माझा वर्ग चालू होता आणि एक मुलगा उभा राहून उत्तर देत होता. त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं शिकवलं. लग्न झालं, मुलगा झाला, शाळेतल्या पोरांची पोरं वर्गात आली. आणि इतक्या वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की मुलाचं उत्तर संपल्यावर ती जागा उघडी पडली नाही. जिना उतरताना पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. बाकीच्या शिक्षिका मला म्हणायच्या, "बाई, तुमच्या वर्गात किती छान शांतता असते, मुलाला विचार करायला वेळ देता." मी हसायची. त्या शांततेत मला दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. मळकं लुगडं, हळदीनं पिवळे हात. वळून बघावं तर शिपाई नोटीस घेऊन आलेला. मला ह्याची भीती कधी वाटली नाही. वाटायचं एवढंच, की ती काहीतरी म्हणून थांबली आहे आणि माझ्याकडून काही येत नाही.

आता गेल्या काही महिन्यांतली गोष्ट. मी मुलाकडे बदलापूरला असते, उंच इमारतीत. माझी नात रिद्धी शिक्षिका व्हायचं म्हणते. ही रोगराई रक्तातच असते. तिचं शिक्षण म्हणजे चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकदम. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून तिनं सगळ्या सेमिस्टरांचा बेत मांडला, निळा, हिरवा, गुलाबी. मेजर, मायनर, क्रेडिट, मग टीईटी. मी चष्मा लावून बघायला गेले.

"आजी, प्लीज. तू सल्ला देणारेस ना?"

"छे. मी दूधवाल्यासारखी पळूनच जाणार होते."

"एकच जागा रिकामी आहे. फील्ड प्रोजेक्टवाला पेपर आहे, लोकपरंपरांचा. मॅम म्हणाल्या घरातच काही असेल तर बेस्ट. पपा म्हणाले पणजी लग्नात गायची. तुला येतं ना ते सगळं? मी रेकॉर्ड करते, तू गा. सोप्पं आहे यार!"

येतं की, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि तिथेच टेबलाशी, गुलाबी चौकोनाकडे बघत, मला पहिल्यांदा कळलं की मला एकही धवला येत नाही.

शेपटं येतात. सगळी येतात. "...तांदूल सांडले गो." "...मांडवाखाली उभी." "...हातान दिवा तिचे." रिद्धीला ओळीनं म्हणून दाखवली. पण दिवा कुणाच्या हातात, तांदूळ कुणी सांडले, मांडवाखाली कोण उभी, हे म्होरल्या, म्हणजे आधीच्या ओळीत होतं आणि म्होरली ओळ आईची. आमच्याकडे रीतच होती, लग्न होईपर्यंत पोरीनं फक्त झील धरायची. स्वतःच्या अंगाला हळद लागली की मग म्होरली ओळ शिकवायची. माझ्या हळदीच्या आधीच आई गेली. आणि हे ज्ञान बाळगून मी कॉलेजात सांगत होते, लोकसाहित्य आमच्या घरी पाणी भरतं!

रिद्धीचं तोंड उतरलं. पेपर ठरवायला थोडेच दिवस उरले होते. "राहू दे आजी, मी दुसरं काहीतरी घेते. वेस्ट मॅनेजमेंट आहे." मी म्हटलं, "थांब. चामटोलीत वनू आहे."

गेलो. गावात आता शेतांना दगड लावून प्लॉट पाडलेत. आमच्या घराच्या जागी कुठल्याशा स्कीमचं सेल्स ऑफिस आहे, बाहेर कृत्रिम गवत. वनूचा बंगला तेवढा जुन्या आळीत, दारात मुलाची मोठी गाडी. वनू पडवीत पाय पसरून सुक्या बोंबलाची डोकी मोडत बसली होती. मला बघून उठली नाही.

"आली गो मास्तरीन! पर्स कंय हाय?"

"चोरीला गेली. तू अजून जिवंत कशी?"

"तुजी वाट बगत. तू नाय आलीस तं मरू कशी?"

रिद्धीनं वाकून नमस्कार केला आणि कशासाठी आलो ते सांगितलं. वनूनं हात पदराला पुसले, मांडी घातली, माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. रिद्धीनं फोन मधे ठेवला.

वनू म्हणाली, "म्हन."

मी म्हटलं, "तू म्हण."

"मी कय म्हनू? मी झीलवाली. तुजी आईस होती, तुलाच येल."

"अगं, मी तर पळून गेले होते. तू तिच्याजवळ होतीस!"

"माजे लग्नाला धवलारीन नाय, भट आनला गो माज्या सासऱ्यानं. काकी गेलेली. मना कोन शिकवील?"

समोर घरांच्या जाहिरातीचा फलक वाऱ्यानं खडखडत होता. इतकी वर्षं मी धरून चालले होते की जे मी सोडून गेले ते वनूकडे आहे. गाव सोडून जाणाऱ्याचं हे एक बरं असतं. मागे राहिलेल्यांनी सगळं सांभाळलं असेल असं समजून तो झोपतो. आणि वनू इतकी वर्षं समजत होती की मास्तरीण झाली म्हणजे मीच सगळं बरोबर घेऊन गेले असेन. दोघींच्या मधे आई बसायची तेवढी जागा होती. आम्ही सवयीनं तेवढं अंतर सोडूनच बसलो होतो, हे मला तेव्हा दिसलं. फोन तिथेच ठेवला होता. वनूनं तो उचलून पुढे सरकवला.

मग ती मांडीवर हात मारायला लागली. हळदीचा ठेका. बराच वेळ नुसता ठेकाच. आणि एकदम, कुठलीच ओळ न येता, तिनं शेपूट उचललं, "...तांदूल सांडले गो." माझ्या जिभेनं विचारलंसुद्धा नाही. मीही तिच्याबरोबर. मग पुन्हा ठेका, रिकामा, पुऱ्या ओळीभर. आणि पुन्हा दोघी एकदम, "...मांडवाखाली उभी."

"आजी, मधे थांबता का?" रिद्धीनं हळू विचारलं. "विसरताय का?"

"गप ऱ्हा," वनू म्हणाली. "ती म्हनते."

आम्ही चाललो होतो. रिकामी ओळ, भरलेलं शेपूट. कधी ओळ लांब असायची, कधी आखूड, आणि आम्हाला दोघींना ते न सांगता कळत होतं. मग एका जागी वनूला ठसका लागला. मी तिच्याकडे बघितलं, पाणी हवं का म्हणून, आणि माझी झील चुकली.

पण ती पडली नाही. उचलली गेली. "...हातान दिवा तिचे." बरोबर जागी, ना आधी ना नंतर. रिद्धीनं.

ठेका थांबला. वनूचा हात मांडीवर तसाच. ते शेपूट रिद्धीनं एकदाच ऐकलं होतं, टेबलाशी. ती ओळ तर तिनं जन्मात ऐकलेली नाही. ज्यांनी ऐकली त्यातल्या आम्ही दोघीच शिल्लक. मी विचारलं, "तुला कसं कळलं कुठे धरायचं?"

"म्हणजे?" ती म्हणाली. "ओळ संपली ना."

वनूनं पदर डोक्यावर घेतला. मला तिच्याकडे बघवेना.

रिद्धीनं तोच पेपर घेतला. तिच्या मॅम म्हणाल्या की रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागा कापून टाक, फाइल छोटी होईल. ती म्हणाली, नाही कापणार. त्यावर तिचं त्यांच्याशी काय चाललंय ते ती बघून घेईल, मी पडत नाही मधे. एवढंच केलं की आता दर रविवारी आम्ही चामटोलीला जातो. मधली जागा रिकामी, वनू तिच्या उजवीकडे, मी समोर. डाव्या हाताला रिद्धी बसते.

टोरांटोवाल्यांनो, शारजावाल्यांनो, आणि गावातच राहून आपण कुठे गेलोच नाही असं समजणाऱ्यांनो, मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी बदलापूरचा पत्ता सांगते, मजला आणि लिफ्ट कुठल्या बाजूला तेसुद्धा सांगते. पण रविवारी त्या पडवीत ठेका सुरू झाला आणि पहिली ओळ आली, म्हणजे आली नाही, की मी मान खाली घालते. कारण समोर त्या वेळी एक मान उजवीकडून हळूहळू डावीकडे वळत असते.